स्टीप की श्रेडर्स?

साताऱ्यात बर्फ कुठला! पण कासच्या घाटात सायकल उतारावर सोडली की अंगाचा तोल कसा राखायचा ते आपोआप कळतं. स्नोबोर्डच्या (बर्फावरून उभ्याने घसरायच्या फळीच्या) गेममध्ये मी तेच शोधतो.

यूबीसॉफ्ट कंपनीच्या स्टीप या गेममध्ये (२०१६) आल्प्स पर्वत अख्खा मोकळा आहे. स्नोबोर्ड, स्की, विंगसूट (पंखांसारखा पोशाख घालून उडणं), पॅराग्लायडिंग, सगळं आहे. उंचावरून आपटलात तर अंगावर पडलेला जी-फोर्स, म्हणजे धक्क्याचा जोर, दिसतो, तोही मला आवडतो. मात्र खेळायला सतत इंटरनेट लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट गेली की राउटर बंद, मग लॅपटॉपची बॅटरी भरलेली असूनही हात चोळत बसायचं.

श्रेडर्स या दुसऱ्या गेममध्ये (२०२२) फक्त स्नोबोर्ड, पण तो जीव ओतून केलाय. गिरकी घ्यायची तर रॅम्पचं टोक यायच्या आधीच अंगाला पीळ द्यावा लागतो. उशीर झाला की अर्धी गिरकी होते आणि पाठीवर आदळतो. माझ्या भाच्याचे पहिले दोन तास नुसते पडण्यात गेले. तिसऱ्या तासाला सरळ उतरला, तेव्हा कंट्रोलर टाकून ओरडला, ‘मामा, बघितलं का?’ ऑलिम्पिकमध्ये दोनदा सुवर्णपदक जिंकलेली जेमी अँडरसनही यात भेटते. गोष्ट मात्र पातळ आहे, संवाद कंटाळवाणे.

भटकायला स्टीप छान. पण बोर्डची धार बर्फात रुततेय असं हाताला जाणवायला हवं असेल, तर मी डोळे झाकून श्रेडर्स घेईन.