साधा स्विच की मॅनेज्ड स्विच : चाळीस-पन्नास संगणकांच्या कार्यालयासाठी काय घ्यावे?

‘नेट स्लो आहे’ आणि ‘सर्व्हर हँग होतोय’ या दोन तक्रारींना कंटाळून एखादे कार्यालय नेटवर्कवर पैसे खर्च करायला तयार झाले की बहुतेक वेळा चर्चा एका प्रश्नापाशी येऊन अडते. रॅकमध्ये पुन्हा साधाच गिगाबिट स्विच बसवावा, की जास्त पैसे मोजून मॅनेज्ड स्विच घ्यावा? स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी; मॅनेज्ड स्विचमध्ये पासवर्ड टाकून प्रत्येक पोर्टची, म्हणजे केबल खोचायच्या जागेची, स्थिती पाहता आणि बदलता येते. नाशिकमधील एका लेखापरीक्षण कार्यालयाच्या संगणकांची देखभाल मी काही वर्षांपासून करीत आहे. दोन मजले, सेहेचाळीस संगणक, पाच प्रिंटर, टेबलांवरचे काही आयपी फोन आणि टॅलीचा डेटा व क्लायंटच्या फायली सांभाळणारा एक सर्व्हर असा तिथला पसारा आहे. तिथे आधी तीन साधे स्विच होते आणि आता तीन मॅनेज्ड स्विच आहेत. पुढे जे लिहीत आहे तो या एका कार्यालयातला अनुभव आहे, त्याला प्रयोगशाळेतील मोजमापाचा आधार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वेगाच्या अपेक्षेने मॅनेज्ड स्विच घेणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता आहे. केबल ठीक असेल आणि सर्व्हरची डिस्क साथ देत असेल, तर मोठी फाईल उतरवताना सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास वेग मिळतो, आणि आमच्याकडे तो साध्या स्विचमधूनही तेवढाच मिळत होता. स्विच बदलल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एकाही कर्मचाऱ्याला वेगात काही बदलल्याचे जाणवले नाही.

साध्या स्विचची बाजू मला मनापासून मांडायची आहे, कारण तो अनेक ठिकाणी खरोखरच योग्य असतो. त्याला पासवर्ड नसतो, त्यामुळे तो विसरण्याचा प्रश्न येत नाही. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होताना झटका बसला तरी तो दोन-चार सेकंदांत कामाला लागतो, तर आमचे मॅनेज्ड स्विच उठायला दीड-दोन मिनिटे घेतात आणि तेवढा वेळ खालच्या मजल्यावरून हाका येत राहतात. तो जळाला तर जवळच्या दुकानातून कोणत्याही कंपनीचा दुसरा आणून केबल जशाच्या तशा खोचल्या की काम संपते, आणि हे काम कार्यालयातील शिपाईसुद्धा करू शकतो. दहा-बारा संगणक एकाच खोलीत असतील आणि प्रत्येक केबल डोळ्यांना दिसत असेल, तर मी आजही साधाच स्विच घ्यायला सांगेन.

आमचा कौल ज्या एका त्रासामुळे दुसरीकडे झुकला, तो मात्र मला थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

एका महिन्याची २० तारीख होती. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस. सकाळी दहाच्या सुमारास टॅली उघडेना, सामायिक फोल्डर दिसेनासे झाले, आणि सर्व्हरला पिंग केल्यावर, म्हणजे उत्तर येते का पाहायला छोटा संदेश पाठवल्यावर, जिथे एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायचे तिथे ते कधी दोन सेकंदांनी येई, कधी येतच नसे. सर्वांप्रमाणे मीही सर्व्हरलाच दोषी धरले. तो दोनदा रीस्टार्ट केला, अँटिव्हायरस बंद करून पाहिला, रात्रीचा बॅकअप अडकून पडला नाही ना ते तपासले. यात दोन तास गेले. बाराच्या पुढे केव्हातरी रॅकसमोर उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की तिन्ही स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत आणि न थांबता लुकलुकत आहेत. लूप झाल्याची, म्हणजे केबलींचे वर्तुळ तयार झाल्याची, ही ओळखीची खूण आहे.

लूप झाल्यावर नेमके काय होते ते थोडक्यात सांगतो, कारण या निवडीचे मूळ तिथेच आहे. आयपी पॅकेटवर आयुष्याचा आकडा असतो, तो प्रत्येक राउटरगणिक एकने कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. स्विच ज्या पुडक्यांत डेटा पुढे पाठवतो त्या इथरनेटच्या फ्रेमला असे आयुष्य नसते. त्यामुळे दोन वाटांनी एक वर्तुळ पूर्ण झाले की सर्वांसाठी पाठवलेली एखादी फ्रेम त्यात फिरतच राहते, प्रत्येक फेरीत तिच्या प्रती सगळ्या पोर्टांवर जातात, आणि काही क्षणांत खऱ्या कामासाठी वाटच उरत नाही. यावरचा उपाय फार जुना आहे. राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तयार केला आणि १९९० मध्ये आयईईई या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने त्याला ८०२.१डी या प्रमाणकात स्थान दिले. वर्तुळ ओळखून त्यातली एक वाट आपणहून बंद ठेवणे हे त्याचे काम. बहुतेक साध्या स्विचमध्ये तो आजही नसतो.

मग मी केबल उपटायला सुरुवात केली. अर्ध्या काढायच्या, दिवे शांत झाले का पाहायचे, पुन्हा लावायच्या. प्रत्येक वेळी ज्यांचे थोडेफार काम चालू होते त्यांचेही बंद पडत होते. तासाभराने दोषी केबल हाती लागली, पण ती भिंतीत शिरून पुढे कुठे जाते याची नोंद नव्हती. ती शोधण्यात आणखी जवळजवळ तास गेला. मीटिंगच्या खोलीतले टेबल आदल्या रात्री साफसफाईसाठी हलवले होते. आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडून येणाऱ्या केबलसाठी आणि दुसरा संगणकासाठी. टेबल परत लावताना कोणीतरी संगणकाची मोकळी केबलही भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचली होती. लावणाऱ्याच्या दृष्टीने त्याने टेबल नीट लावले होते, त्याला दोष देता येत नाही. दुपारी दोनच्या सुमारास काम सुरू झाले. चाळीस माणसांचे चार तास, तेही २० तारखेला.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे. साध्या स्विचवर ‘काय’ बिघडले हे बरेचदा कळते. जोडणी गिगाबिटची आहे की १०० मेगाबिटवर उतरली आहे हे संगणकाच्या अडॅप्टरवर दिसते, स्विचच्या दिव्याचा रंगही ते सांगतो, पिंग आहे, पॅकेट पकडणारी मोफत साधने आहेत. ‘कुठे’ बिघडले हे मात्र केवळ स्विचलाच ठाऊक असते, आणि साधा स्विच ते सांगू शकत नाही.

याची खात्री आणखी एका प्रसंगाने झाली. काही संगणकांना अधूनमधून १९२.१६८.०ने सुरू होणारे आयपी पत्ते मिळू लागले, जे आमचे नव्हते. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीत खोचला होता आणि तो आमच्या सर्व्हरच्या आधी पत्ते वाटत होता, हे दहा मिनिटांत समजले. एआरपीच्या यादीत, म्हणजे संगणक ठेवतो त्या आसपासच्या उपकरणांच्या नोंदीत, त्याचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) हाही सापडला. पण मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अंकाक्षरांवरून फार तर बनवणारी कंपनी कळते, टेबल कळत नाही. दोन मजले, प्रत्येक टेबलाखाली वाकून पाहणे, कपाटे सरकवणे, आणि शेवटी तो राउटर एका फायलींच्या कपाटामागे सापडणे, यात दुपार गेली. मॅनेज्ड स्विच असता तर त्याच्या मॅक टेबलमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे त्या यादीत, तो पत्ता शोधून ‘स्विच दोन, पोर्ट १७’ असे उत्तर मिळाले असते, आणि पोर्ट बसल्या जागी बंद करता आला असता. पुढे मॅनेज्ड स्विचमधली डीएचसीपी स्नूपिंग ही सोय चालू केल्यावर असा पाहुणा आला तरी त्याने वाटलेले पत्ते स्विच पुढे जाऊच देत नाही.

आता मॅनेज्ड स्विचचा त्रास सांगतो, कारण तोही खरा आहे. आमच्या कोटेशनमध्ये त्यांची रक्कम साध्यांच्या जवळपास अडीचपट होती. बसवल्यानंतरच्या पहिल्याच सकाळी आठ संगणकांना सर्व्हर दिसेना आणि त्यांचे पत्ते १६९.२५४ने सुरू होत होते, म्हणजे त्यांना सर्व्हरकडून पत्ता मिळालाच नव्हता. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री केबल लागल्यावर १५ सेकंद नुसता ऐकतो, पुढचे १५ सेकंद शिकतो, आणि मगच डेटा सोडतो. एसएसडीवरचे संगणक त्याआधीच सुरू होऊन पत्ता मागून थकतात. जिथे फक्त संगणक लागणार आहे असे पोर्ट ‘एज’ म्हणून नोंदवले की हा प्रश्न सुटतो, पण ते माहीत असावे लागते. दुसरी चूक माझ्याकडून अशी झाली की कॅमेऱ्यांचे व्हीलॅन (त्याच स्विचवरचे आभासी नेटवर्क) वेगळे केल्यावर बदल कायमस्वरूपी सेव्ह करायचे राहून गेले. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, बॅटरी संपली आणि सकाळी स्विच जुन्याच मांडणीने उठले. तेव्हापासून प्रत्येक बदलानंतर मांडणीची प्रत सर्व्हरवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवतो. पासवर्ड बंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत असतो. ही शिस्त पाळणारे कोणी नसेल, तर मॅनेज्ड स्विच ओझे ठरू शकतो, हे मान्य करायला हवे.

तरीही आज मला साध्याकडे परत जावेसे वाटत नाही. मध्यंतरी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची तक्रार आली की त्यांचे स्कॅन सर्व्हरवर जायला फार वेळ लागतो, इतरांना काहीच अडचण नाही. पूर्वी मी स्कॅनर, ड्रायव्हर आणि संगणक या क्रमाने दिवस घालवला असता. या वेळी त्या पोर्टच्या नोंदी उघडल्या, तेव्हा सीआरसी चुकांचा (वाटेत खराब झालेल्या फ्रेमचा) आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. सॉकेटमागची केबल नव्याने पंच केली, म्हणजे दाबून बसवली, आणि आकडा थांबला. दुसऱ्या एका टेबलाची जोडणी १०० मेगाबिटवर अडकलेली त्याच यादीत दिसली. शंभरसाठी केबलमधल्या तारांच्या केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागते, आणि टोकाला कनेक्टर बसवताना (क्रिम्प करताना) तपकिरी जोडीतली एक तार आखूड राहिली होती. तिथे सेकंदाला बारा मेगाबाइटच्या वर वेग जातच नव्हता, पण त्या व्यक्तीने कधी तक्रार केली नव्हती. त्यांना तो संगणकच तसा वाटत होता.

एक अट मात्र माझ्या मते खरेदीपेक्षा महत्त्वाची आहे. स्विचने ‘पोर्ट १७’ सांगितले आणि पोर्ट १७ कोणत्या टेबलाला जातो हे लिहिलेले नसेल, तर अडीचपट पैशांतले निम्मे पाणी झाले असे समजावे. आम्ही एका रविवारी केबल शोधायचा टोनर (केबलमध्ये सूर सोडणारे उपकरण) घेऊन प्रत्येक सॉकेटमधून सूर सोडला, रॅकमध्ये तो कोणत्या केबलवर ऐकू येतो ते पाहिले, आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवला. सोबत एक वही केली, तीत मजला, खोली, सॉकेट, पॅच पॅनेल (रॅकमधली भिंतीतल्या केबलींची जोडपट्टी) आणि स्विचचा पोर्ट अशी नोंद आहे. ज्यांना सध्या खर्च करणे शक्य नाही त्यांनी साधा स्विच ठेवूनही हे काम जरूर करावे. आमच्या त्या २० तारखेचा निदान शेवटचा तास त्यामुळे वाचला असता.

घ्यायचेच ठरले तर खोक्यावरच्या ‘स्मार्ट’ या शब्दावर विसंबू नये. त्या नावाच्या काही स्वस्त स्विचमध्ये व्हीलॅन असते, पण कोणता मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे हे पाहायची सोयच नसते, आणि माझ्या लेखी ती सोय सर्वांत आधी येते. त्यानंतर प्रत्येक पोर्टच्या चुकांची मोजणी, स्पॅनिंग ट्री किंवा निदान लूपपासून संरक्षण, आणि मांडणीची प्रत काढण्याची सोय. विक्रेत्याकडून शक्य असल्यास एक नग दोन दिवस मागून घ्यावा आणि मुद्दाम एकच पॅच कॉर्ड (छोटी केबल) त्याच्या दोन पोर्टांत लावून पाहावी, अर्थात कार्यालयाच्या नेटवर्कपासून तो वेगळा ठेवून.

मधला मार्ग म्हणून पुष्कळजण रॅकमध्ये एक मॅनेज्ड आणि टेबलांखाली आठ पोर्टचे साधे स्विच असे करतात. सुरुवातीसाठी ते वाईट नाही, मात्र टेबलाखालच्या स्विचमध्ये लूप झाला तर रॅकमधला स्विच फार तर तो आख्खा स्विच तोडून बाकीच्यांना वाचवतो, त्यातली नेमकी केबल तो सांगू शकत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर आर्टिकल करणाऱ्या (सीएचे प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलांच्या टेबलाखाली असा एक स्विच अजून आहे. त्या पोर्टसमोर वहीत मी लाल शाईने सहा जणांची नावे लिहून ठेवली आहेत, आणि तिथे सहा स्वतंत्र केबल ओढण्याचे कोटेशन मागवले आहे.