मेकाँगवरची मुक्कामाची रात्र: व्हिएतनामची वाडी की लाओसची बोट?

परदेशात नदीची सफर आणि एक रात्र खेड्यातल्या घरी मुक्काम, असा बेत कुटुंबात ठरला की मेकाँगवरच्या दोन सहली हमखास समोर येतात. एक व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशातली, हो चि मिन्ह सिटीहून निघून विन्ह लाँग किंवा कान थो येथे मुक्काम करणारी. दुसरी उत्तर लाओसमधली, हुआय साय ते लुआंग प्रबांग अशी संथ बोटीची. दोन्ही दोन दिवसांच्या आणि एका रात्रीच्या असल्यामुळे जाहिरातीत त्या जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. प्रत्यक्षात व्हिएतनाममध्ये लोक खेड्यात राहण्यासाठी नदी ओलांडतात, तर लाओसमध्ये अंधारात बोट चालवता येत नाही म्हणून वाटेत मुक्काम पडतो.

व्हिएतनामच्या सहलीत बराचसा प्रवास रस्त्याने होतो, हे आधीच समजून घ्यावे. हो चि मिन्ह सिटीहून कान थो सुमारे 170 किलोमीटर असून 2000 मध्ये ‘मी थुआन’ आणि 2010 मध्ये ‘कान थो’ हे मोठे पूल झाल्यापासून वाटेत फेरीबोटीसाठी थांबावे लागत नाही. मात्र याच पुलांनी आणि रस्त्यांनी तरंगत्या बाजारांचा माल ओढून नेला आहे. कान थोजवळच्या काइ रांग बाजारात विक्रेते आपला माल उंच काठीला टांगून दुरूनच दाखवतात, पण जुन्या छायाचित्रांतली गर्दी मनात धरून गेल्यास निराशा होईल. शिवाय तिथे पहाटेच पोहोचावे लागते, त्यामुळे रात्रीचा मुक्काम जवळपासच हवा. शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या एकदिवसीय सहली बहुधा ‘मी थो’ आणि ‘बेन त्रे’ येथेच नेतात. नारळाच्या वड्यांचा कारखाना, मध चाखणे आणि लहानशा होडीतली फेरी एवढ्यावर त्या आटोपतात.

मुक्कामासाठी विन्ह लाँगसमोरचे आन बिन्ह बेट मला कुटुंबासाठी अधिक योग्य वाटते. फळबागांमधली घरे, मच्छरदाणी लावलेले पलंग, मुलांसाठी सायकली आणि स्वयंपाकघरात हात घालण्याची मुभा, असे तिथल्या मुक्कामाचे साधारण स्वरूप असते. तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाचे दूध यांचे बान्ह सेओ तव्यावर पडले की आपल्याकडच्या कोणालाही घावन आठवेल. सारण मात्र बहुधा कोळंबी आणि डुकराच्या मांसाचे असते. शाकाहारी मंडळींनी आरक्षण करतानाच ‘चाय’ हा शब्द वापरावा. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी जेवण असा होतो, आणि बौद्ध परंपरेमुळे ही कल्पना यजमानांना अपरिचित नसते. तरीही माशाचे पाणी, म्हणजे नुओक माम, नको असल्याचे वेगळे सांगावे. न्हाणीघर खोलीला जोडलेले आहे की अंगणापलीकडे, हा प्रश्न आजी-आजोबा सोबत असतील तर जेवणाइतकाच महत्त्वाचा आहे. या भागातल्या कालव्यांना भरती-ओहोटी असल्याने चिंचोळ्या पाटांतली फेरी पाण्याच्या वेळेवर ठरते. वेळापत्रक ऐनवेळी बदलले म्हणून वाटाड्यावर रागावू नये.

लाओसमध्ये दोन्ही दिवस सुमारे सहा ते आठ तास बोटीतच जातात. दोन्ही बाजूंना डोंगर, मधूनच वाळूचे किनारे, एखाद्या गावाशी थांबून चढणारी-उतरणारी माणसे आणि शेवटी लुआंग प्रबांगच्या अलीकडे पाक ओउच्या बुद्धमूर्तींनी भरलेल्या गुहा, असा हा मार्ग आहे. नदीचे खरे रूप इथेच दिसते, यात मला शंका नाही. पण सार्वजनिक बोटीतून गेल्यास रात्रीचा मुक्काम पाकबेंग येथे होतो, आणि ते मुख्यतः प्रवाशांच्या निवासांवर चालणारे छोटे गाव असल्याने घरगुती पाहुणचाराची अपेक्षा तिथे ठेवू नये. खेड्यात राहायचेच असेल तर तशी सोय करणारी खासगी बोट शोधावी लागते, आणि ती अर्थातच महाग पडते. लवकर पोहोचवतो म्हणून वेगवान बोटीचा पर्याय कोणी सुचवला, तर मुलांसह तो घेऊ नये. खडकाळ पात्रात तो धोक्याचा आहे.

ऋतूचा हिशेबही वेगळा आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे सोयीचा काळ आहे, परंतु आपल्या शाळांच्या सुट्टीच्या तोंडावर, मार्च-एप्रिलमध्ये, उत्तर लाओसमध्ये शेते जाळल्याचा धूर दाटतो आणि ज्या डोंगरांसाठी जायचे तेच दिसेनासे होतात. त्रिभुज प्रदेशात तेव्हा उकाडा असतो, इतकेच.

कोकणातल्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माड, खाडी, पाणथळ आणि काथ्या हे सगळे घरीच पाहिलेल्यांना त्रिभुज प्रदेश ओळखीचा वाटेल. काहींना त्यातच मौज वाटेल, काहींना एवढे लांब का आलो असा प्रश्न पडेल. दहा वर्षांखालची मुले किंवा सत्तरीतली माणसे बरोबर असतील तर मी तरीही आन बिन्हच निवडेन. मुले मोठी असतील आणि आठ तास मोबाइलविना खिडकीशी बसू शकत असतील, तर पाकबेंगच्या साध्या खोलीतली रात्र सोसून लाओसची बोट घ्यावी.