हायस्पीड फ्लॅश ट्रिगर किट, आठ महिन्यांनंतर

नोव्हेंबरात घेतलं होतं हे किट. आवाज झाला किंवा लेझरचा किरण अडला की ठरलेल्या वेळाने हे फ्लॅश उडवतं. बोर्ड, माइक, लेझरचा गेट (एकीकडे किरण, समोर सेन्सर) आणि डिले, म्हणजे फ्लॅश उडायच्या आधी थांबायचा वेळ, दाखवणारा छोटा डिस्प्ले, सोल्डरिंग आपलं आपण. माझा समज होता की पाण्याचा थेंब पकडायला भारी शटर स्पीड लागतो, तर तसं काही नसतंच. खोलीत काळोख करायचा, कॅमेरा बल्बवर (शटर हवं तितका वेळ उघडं राहतं ते सेटिंग) उघडा ठेवायचा आणि काम फ्लॅशला करू द्यायचं. माझा सेकंडहँड निकॉन एसबी ८०० फ्लॅश फुल पॉवरला १/१०५० सेकंद पेटतो आणि १/१२८ पॉवरला १/४१६०० सेकंद, म्हणजे पॉवर जितकी कमी तितका फोटो धारदार, हे डोक्यात बसायलाच दोन आठवडे गेले. उजेड कमी पडतो म्हणून फ्लॅश अगदी जवळ आणावा लागतो, तो वैताग वेगळा.

माइक मात्र एक नंबर. आवाजाला एक फूट यायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, त्यामुळे पाणी भरलेला फुगा फोडताना त्याच्यापासून माइक मागेपुढे सरकवला की डिले आपोआप बदलतो, बटणं दाबायची गरजच नाही. वीतभर अंतरावर ठेवला तर रबर अजून अर्धवट सोललेलं आणि आतलं पाणी फुग्याच्याच आकारात उभं, असा फोटो येतो. नारळ फोडतानाचे पण काढले, आईला वड्यांसाठी हवाच होता, पाणी उडालं ते थेट लेन्सवर. सेन्सिटिव्हिटीचं पॉट (फिरवायची खुंटी) जरा जास्त फिरलं तर किचनमधल्या कुकरच्या शिट्टीलाही फ्लॅश उडतो, आमच्याकडे दोनदा झालंय.

गेटने मात्र डोकं खाल्लं. सलाइनच्या सेटमधून दुधाचा थेंब सोडला, त्याच्या खाली २० सेंमीवर गेट, ५० वर ताटली. गेटपाशी थेंबाचा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे ४ मिमीचा थेंब किरणासमोर जेमतेम २ मिलिसेकंद असतो, आणि किटवाल्याने तिथे एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा पण संथ सेन्सर, दिलाय! त्याला अंधार झालाय हे कळेपर्यंत थेंब ताटलीत. शंभरात पाच-सहा फोटो लागायचे, मी आपला स्वतःच्या हाताला दोष देत बसलो. शेवटी फोटोट्रान्झिस्टर (तसाच, पण खूप चपळ सेन्सर) लावला आणि दहातले आठ यायला लागले. हिशेबाने गेटपासून ताटलीपर्यंत ११७ मिलिसेकंद, थेंब आपटल्यावर उसळणाऱ्या दुधाचा मुकुट १२५ ते १३० मधे मिळतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने दुधाचा तो प्रसिद्ध मुकुट १९५७ सालीच काढलाय, त्यामुळे फार उड्या मारत नाही.

एक गाढवपणा सांगतो. बाबांचा जुना रोलच्या जमान्यातला फ्लॅश जोडला आणि बोर्डवरचा ट्रान्झिस्टर गेला. नंतर मीटर लावला तर फ्लॅशच्या सिंकवर (ट्रिगर जोडतात त्या टोकांवर) १९० व्होल्ट! आधी मोजायला हवं होतं, पण किटच्या कागदावरही त्याबद्दल एक ओळ नाही. आता ऑप्टोकपलर (बोर्ड आणि फ्लॅश यांची वीज वेगळी ठेवणारा भाग) आणि ४०० व्होल्टचा एससीआर (जास्त व्होल्टेज सोसणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकलाय, दोन्ही फ्लॅश चालतात.

घ्यायचं असेल तर नुसतं माइकवालं घ्या, गेटचे पैसे वाचवा, तो घरी यापेक्षा बरा होतो. साडेतीन मिमीचा जॅक पण सहाव्या महिन्यात लूज झाला, सध्या रबरबँड लावून चालवतोय.