डबीवर एमएस ६४, कडेवर डाग

लक्ष्मीपूजनाच्या ताटात पाच कलदार रुपये मांडायची आमच्या अमळनेरच्या घरातली रीत आहे. दोन राणीछाप, तीन राजाछाप. आजीच्या काळापासून त्यांच्यावर हळदकुंकू पडत आलंय, ते अक्षरांच्या खाचांत असं बसलंय की आता निघत नाही आणि मी काढतही नाही. या पाच रुपयांनी मला नाण्यांचा नाद लावला. गेली अकरा वर्षं मी ब्रिटिश काळातले चांदीचे रुपये जमवते. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून घेतलेले. त्यात १९११ चा रुपया नव्हता आणि तो मला फार वर्षांपासून हवा होता.

का हवा होता ते सांगते, कारण फसवणूक त्यातूनच झाली. पंचम जॉर्जचा पहिला रुपया १९११ चा. राजाच्या झग्यावर पदकांची साखळी आहे आणि त्या साखळीत एक चिमुकला हत्ती. सोंड आखूड पडल्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने नाणं थांबवलं. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास चलनात गेलेले, बाकीचे वितळवले. १९१२ पासून हत्तीची सोंड आणि कान नीट दिसतील असं चित्र केलं. संग्राहक त्या १९११ च्या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. नवं, न वापरलेलं मिळालं तर किंमत चांगलीच चढते, घासलेलं असेल तर बरीच खाली येते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर समाजमाध्यमावर एका विक्रेत्याने हा रुपया टाकला. ‘१९११, कलकत्ता, यूएनसी, एमएस ६४, ओरिजिनल लस्टर.’ यूएनसी म्हणजे न वापरलेलं, एमएस ६४ ही नाण्याच्या दर्जाची ग्रेड, लस्टर म्हणजे मूळची चमक. नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये. डबीवर होलोग्राम, बारकोड, ग्रेड छापलेली. कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. किंमत १८,५००. मी दोन गोष्टी मागितल्या: कडेचा फोटो आणि नाणं हलवून काढलेला व्हिडिओ. उत्तर आलं, “ताई, स्लॅबमधल्या नाण्याची कड कशी दाखवणार? कंपनीने तपासूनच बंद केलंय ना. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, रात्रीपर्यंत सांगा.” व्हिडिओबद्दल एक शब्द नाही. रात्री साडेदहाला मी यूपीआयने पूर्ण पैसे पाठवले.

ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखांना घेऊ असं सांगणाऱ्या जाहिरातींना मी कधी भुलले नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली त्याबद्दल लोकांना सावध केलं होतं, तेव्हा मीच शाळेतल्या सगळ्यांना ते वाचून दाखवलं होतं. मला भुलवलं ते ग्रेडच्या आकड्याने. थोडंफार कळणाऱ्या माणसाला नेमका हाच आकडा भुलवतो.

हा आकडा येतो शेल्डन मोजपट्टीतून. अमेरिकेत १९४९ साली जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती निघाली, आता जगभर चालते. १ ते ७०. साठपासून पुढे एमएस, म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न फिरलेलं नाणं. एमएस ६४ म्हणजे छापाच्या एकाही उंच भागावर घासल्याची खूण नको. ही मोजपट्टी कोणीही वापरू शकतो. डबी, होलोग्राम, छपाई यांनाही कोणाची परवानगी लागत नाही. डबी मिळाली की ग्रेड खरी, हे मी मनातच गृहीत धरलं होतं.

चार दिवसांनी पार्सल आलं. सकाळच्या तिरप्या उन्हात ओट्यावर बसून मी ते हातात घेतलं आणि पोटात खड्डा पडला. नाणं पांढरंफटक होतं, पण मेलेलं. शेजारी माझा १९१८ चा रुपया ठेवला, तो खरोखर न वापरलेला. उन्हात कलता केला की त्याच्यावर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. छाप पडताना दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते, तिच्या अतिबारीक रेषा उठतात आणि उजेड त्यांच्यावर खेळतो. त्यालाच लस्टर म्हणतात. वापराने त्या रेषा जातात, ॲसिडात बुडवल्याने जातात, पॉलिशने जातात, आणि एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. १९११ च्या रुपयावर उजेड जागचा हलला नाही. भिंगातून पाहिलं तर राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात जुना काळा मळ. मधला भाग लखलखीत आणि कोपऱ्यात मळ, ही उजाळा दिल्याची अगदी साधी खूण आहे. घरोघरच्या चांदीच्या भांड्यांवर आपण ती रोज बघतो.

आणि हत्ती? ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले तो सपाट गोळा झाला होता. डुक्कर की हत्ती असा प्रश्नच कोणाला पडला नसता.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “ताई, तो वीक स्ट्राइक आहे, छापच हलका पडलाय.” छाप हलका पडतो हे खरं आहे. पण हलक्या छापाच्या जागी मूळची चमक शिल्लक असते, घासलेल्या जागी ती तुटलेली असते आणि तिथला रंगही करडा, निस्तेज दिसतो. कोणी तुम्हालाही हे कारण सांगितलं तर तेवढीच जागा उन्हात कलती करून बघा. मी हे बोलून दाखवल्यावर त्याने पुढचं वाक्य टाकलं: डबी फोडली तर परत घेणार नाही.

रविवारी ते घेऊन जळगावच्या सराफ बाजारात गेले. तिथे आमच्या घरचे जुने कारागीर आहेत, सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांनी डबी उलटसुलट केली आणि म्हणाले, कड पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही. डबीत नाण्याभोवती पांढऱ्या फोमची घट्ट कडी होती, कडेचा एक केससुद्धा दिसत नव्हता. खूप विचार करून मी डबी फोडायला सांगितली. फोडतानाचा व्हिडिओ काढला.

बाबांनी रुपया चिमटीत धरून बोटावर गोल फिरवला. राजाच्या मुकुटाच्या वरच्या अंगाला त्यांचं नख थांबलं. तिथले कडेचे दाते पुसट होते, मध्ये एक गुळगुळीत पट्टी, रंगाला जरा पिवळसर. “बेटा, हाऊ रुपया कोनातरी गयामा व्हता,” ते म्हणाले. कुणाच्या तरी गळ्यात होता. कडी बसवायला डाग दिलेला, म्हणजे धातू वितळवून सांधा केलेला, नंतर कडी काढून कानस मारलेली, मग सगळ्याला उजाळा. सातपुड्याच्या पायथ्याच्या बायाबापड्यांसाठी रुपयांचे हार त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं घडवले आहेत, विशेषतः आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी. आपल्या हातचा डाग माणूस ओळखतो. रुपया हारात होता यात वाईट काहीच नाही. हार म्हणून तो मला आवडला असता. वाईट हे की ती गोष्ट पांढऱ्या फोममागे दडवली आणि वर ‘न वापरलेला’ म्हणून छापलं.

वजन भरलं ११.४८ ग्रॅम. या रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६, पूर्ण एक तोळा. थोडी घट वापराने होतेच, पण वापरच न झालेल्या नाण्याची इतकी घट कशी होईल? चांदी मात्र खरी निघाली. तीही बघायची सोपी रीत आहे. वजनकाट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा, रुपया दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात बुडवायचा. ९१.७ टक्के चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या जवळपास दाखवतो. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा असेल तर १.३ च्या पुढे जातो. चुंबकाला चिकटला तर पाण्यापर्यंत जायचीही गरज नाही.

आता मी काय करते? एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकी कंपन्यांची डबी असेल तर तिच्यावरचा नंबर त्यांच्याच संकेतस्थळावर घालते आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ओरखड्यासकट जुळवते. नुसता नंबर सापडला म्हणून भागत नाही, कारण खऱ्या नाण्याचा नंबर बनावट डबीवर छापतात. दुसऱ्या कुठल्या डबीला मी डबी मानतच नाही, नाणं उघडं आहे असं समजून फोटो मागते: दोन्ही बाजू, कड चारही अंगांनी, आणि तिरप्या उजेडातला व्हिडिओ. समोरून झगझगीत दिवा मारून काढलेल्या एकुलत्या फोटोवर कोणी पैसे पाठवू नयेत. १९३९ चा रुपया कोणी दाखवला तर वर्षाचा शेवटचा आकडा दहापट भिंगाखाली घालते. तो रुपया फारच दुर्मिळ आहे आणि १९३८ च्या आठाचा नऊ करून विकणारे कमी नाहीत. विक्रेत्याचा मूळ मजकूर तर सगळ्यात आधी स्क्रीनशॉट काढून ठेवते.

कारण मी तो काढला नव्हता. मी परतीची मागणी केली त्याच दिवशी त्याने पोस्ट उडवली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तो पैसे देऊन नऊ दिवस झाल्यावर. पैसे वाटेत अडवता यावेत म्हणून तो फोन लगेच, त्याच तासात करायचा असतो. पोलिसांनी विचारलं, वस्तू तर आली ना? आली. मग ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी. बाबांनी सांगितलेलं लिहून, व्हिडिओ आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडून मी जळगावला तक्रार दिली आहे. निकाल अजून लागायचा आहे.

एक नेहमीचा खरेदीदार मध्यंतरी म्हणाला, कागदी होल्डरमध्ये घालून मला द्या, मी खपवतो, तुमचे निम्मे पैसे सुटतील. मी दिला नाही. माझ्यामागे हा संग्रह मुलगा उघडेल, तेव्हा त्यालाही कळायला हवं. होल्डरवर काळ्या शाईने लिहून ठेवलंय: ‘पंचम जॉर्ज, रुपया, १९११, कलकत्ता. घासलेला. उजाळा दिलेला. मुकुटाच्या वर कडेला डाग. वजन ११.४८ ग्रॅम.’