विमानभयावर उपचार: आभासी उड्डाण की खरा विमानतळ?
विमानप्रवासाच्या भीतीवरील उपचारात रुग्णाला भीतीच्या कारणासमोर टप्प्याटप्प्याने आणले जाते. त्यासाठी त्याला विमानतळावर नेऊन उभ्या विमानात बसवावे की दवाखान्यातच डोळ्यांवर लावून आभासी उड्डाण दाखवणारा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट द्यावा, हा प्रश्न आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्ही मार्ग जवळपास सारखेच परिणामकारक ठरले. सोयीच्या दृष्टीने मात्र आभासी मार्ग सरस आहे, कारण उड्डाण, हादरे आणि उतरणे एकाच बैठकीत हवे तितक्यांदा अनुभवता येते आणि रुग्ण फार घाबरल्यास तिथेच थांबता येते. (खऱ्या उड्डाणात मध्येच उतरण्याची सोय कुठली!) तरीही हेडसेटने काहींना मळमळते, आणि ज्याला ते दृश्य खोटेच वाटते त्याची भीती जागीच होत नाही; अशा रुग्णासाठी, माझ्या मते, विमानतळच बरा.