जनित्र सुरू, वीज नाही: एव्हीआर बदलावा की रिवाइंडिंग करावे?

गणेशोत्सवाच्या तोंडावर ठाण्यात पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून असलेली पेट्रोल जनित्रे मांडवात आणली जातात. इंजिन सुरू होते, दिवा मात्र लागत नाही. अशा वेळी दोन उपाय सुचवले जातात: व्होल्टेज आपोआप सांभाळणारा एव्हीआर बदलणे किंवा अल्टरनेटरचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचे, रिवाइंडिंग करणे, म्हणजे त्यातील तारेची गुंडाळी (वाइंडिंग) नव्याने भरणे. पहिला स्वस्त आणि झटपट होणारा, तर दुसऱ्यासाठी जनित्र कारागिराकडे ठेवावे लागते. तरीही निवड खर्चावरून नव्हे, मोजमापावरून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) पडलेला नाही आणि इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेत आहे, म्हणजेच दोन पोलांच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) जनित्रात ५० हर्ट्झ मिळत आहेत, याची खात्री करून सॉकेटवर व्होल्टेज मोजावे. दोन-चार व्होल्ट दिसले, तर रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागात, चुंबकत्व शिल्लक आहे आणि मुख्य वाइंडिंग तुटलेले नाही. मग संशय एव्हीआर, ब्रश (एव्हीआरकडून येणारी वीज रोटरला पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) किंवा रोटरच्या वाइंडिंगवर जातो. यांतील ब्रशकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. खाडीकाठच्या दमट हवेत ब्रश ज्यांवर घासतात त्या रोटरवरील धातूच्या कड्यांवर, म्हणजे स्लिप रिंगवर, काळा थर चढतो, ब्रश होल्डरमध्येच अडकून बसतो आणि मग नवा एव्हीआर लावूनही काहीच फरक पडत नाही. बारीक पॉलिश पेपरने रिंग स्वच्छ करण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

त्यानंतरही वीज आली नाही, तर इंजिन बंद ठेवून एव्हीआरच्या तारा ब्रशवरून काढाव्यात, जाणकाराकडून तेथे योग्य ध्रुवतेने १२ व्होल्टची बॅटरी जोडून घ्यावी आणि काही सेकंदच इंजिन चालवून पाहावे. सॉकेटवर भरीव व्होल्टेज आले, तर रोटर व स्टेटर (अल्टरनेटरचा स्थिर भाग) शाबूत आहेत आणि एव्हीआर बदलणे योग्य ठरते. क्वचित नुसते गेलेले चुंबकत्वच या चाचणीने परत येते आणि जुना एव्हीआरही पुन्हा काम करू लागतो. व्होल्टेज आलेच नाही किंवा काहीही जोडलेले नसताना इंजिन दबू लागले, तर दोष वाइंडिंगमध्ये आहे. याउलट, इंजिनाचा वेग योग्य असूनही २३० ऐवजी २७०-२८० व्होल्ट येत असतील, तर रिवाइंडिंगचा विचारच करू नये; उपकरणे ताबडतोब काढून एव्हीआर तपासावा.

रिवाइंडिंग ठरलेच, तर तार तांब्याची आणि मूळ जाडीचीच असावी, हे आधी ठरवून घ्यावे. नुसत्या ओलाव्याने इन्सुलेशनची रोधकता कमी झाली असेल, तर वाइंडिंग वाळवून आणि व्हार्निश देऊनही भागते. ब्रश नसलेल्या, कपॅसिटरवर चालणाऱ्या छोट्या जनित्रांत मात्र एव्हीआरच नसतो. तेथे कपॅसिटर डिस्चार्ज करून, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकून, आधी तोच तपासावा.