निराधारचा पगार मंजूर झाला, जमाही झाला, पण मामांना मिळाला नाही

मामांचा उजवा पाय शुगरमुळे गुडघ्याखालून काढावा लागला. आयुष्यभर मार्केट यार्डात हमाली केलेला माणूस घरात बसला. मामी शिवणकाम करते, त्यावरच घर चालतं. संजय गांधी निराधार योजनेचा पगार, म्हणजे सरकारकडून दर महिन्याला येणारी मदत, मिळावी असंच हे घर आहे आणि नियमातही ते बसत होतं. हे आधीच सांगतो, कारण मामांना फसवणाऱ्याने बोगस कागद केले नाहीत. अर्ज खरा होता, मंजुरीही खरीच आली. पैसे त्याने त्यानंतर खाल्ले.

तहसीलसमोरच्या झेरॉक्स दुकानापाशी तो मोटरसायकलच्या सीटवर फायली मांडून बसायचा. "काका, कुबड्या घेऊन तुम्ही कशाला जिने चढताय? मी आहे ना." सात हजार ठरले. त्यातले पाच 'वर' जातात आणि आपल्याला चहापाणीच सुटतं, असंही वर ऐकवलं. या अर्जाला सरकारी फी नसते. सेतूत दाखल्यांचे जे काय थोडे पैसे लागतात तेवढेच, त्याचीही पावती मिळते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे मामांना स्वतःलाच जावं लागलं. डॉक्टरांनी तपासून 60 टक्के लिहिले. त्यात या गड्याने काय केलं? रिक्षा ठरवून दिली, तीही मामांच्या पैशाने.

त्याचं खरं भांडवल म्हणजे अर्धवट सांगितलेले नियम. "काका, 21 हजारांच्या वर उत्पन्न चालत नाही, तलाठ्याला सांभाळावं लागेल," असं म्हणून त्याने आणखी हजार काढले. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं ही अट आहे खरी. (म्हणजे महिन्याला 1750 रुपये. एवढ्यात घर कसं चालवायचं, हे अट घालणाऱ्यांनाच ठाऊक.) पण दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50 हजार आहे, ते त्याने सांगितलंच नाही. बाकी नियम फार अवघड नाहीत: किमान 40 टक्के अपंगत्व, महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य आणि वय 18 ते 65. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. कागद तहसीलच्या संजय गांधी शाखेत जातात, मंजुरी समितीच्या बैठकीत होते. बैठक लांबते हे खरंच आहे, आणि 'अजून बैठक नाही झाली' हे वाक्य अशा माणसाला कितीही महिने पुरतं.

खरा घोटाळा अंगठ्याचा. केवायसी करायची म्हणून तो एक दिवस छोटं मशीन घेऊन घरी आला. मामांनी अंगठा ठेवला. "नाही येत, पुन्हा ठेवा." पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग परत अंगठा. पोती उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या, रेशनच्या दुकानातही दर वेळी हेच होतं, त्यामुळे संशय घ्यायला जागाच नव्हती. त्यातल्याच एका अंगठ्यावर त्याने मामांच्या नावाने एका पेमेंट बँकेत नवीन खातं उघडलं. खात्याला मोबाइल नंबर स्वतःचा दिला आणि मामांचं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, त्या खात्याला जोडून टाकलं.

इथेच भले भले गोंधळतात. अर्जासोबत पासबुकाची झेरॉक्स मामांच्या जुन्या खात्याचीच होती, ती मी स्वतः पाहिली होती. पण आता या योजनेचे पैसे डीबीटीने, आधारवरून जातात. आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी जोडलेलं असेल, तिथे रक्कम पडते. झेरॉक्स कुठल्याही बँकेची असो. मामा आपल्या बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचे, आणि त्यात काही नसायचं. बँकेतला माणूसही म्हणायचा, "आधार लिंक आहे तुमचं." तेही खोटं नव्हतं, कारण खात्याला आधार नंबर लागलेला असणं वेगळं आणि डीबीटीसाठी तेच खातं निवडलेलं असणं वेगळं.

शेजारच्या आजींचा अर्ज मामांच्या नंतरचा. त्यांचा पगार सुरू झाला तेव्हा मी मामांना घेऊन थेट तहसीलच्या संजय गांधी शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी आधार नंबर टाकला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. स्थिती: मंजूर. खाली दर महिन्याचे 1500, प्रत्येक ओळीपुढे 'जमा'. बँकेचं नाव मामांनी कधी ऐकलेलंही नव्हतं. बाई म्हणाल्या, "काका, पैसे जातायत की तुमचे."

त्यानंतरची धावपळ थोडक्यात सांगतो. मामांच्या मूळ बँकेत डीबीटीसाठी आधार जोडण्याचा फॉर्म भरला, पुढचा हप्ता तिथे आला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. त्या पेमेंट बँकेला लेखी कळवून खातं गोठवायला लावलं आणि उतारा मागवला. आलेली रक्कम प्रत्येक वेळी एक-दोन दिवसांत दुसरीकडे वळवलेली दिसली. गेलेले पैसे अजून परत आलेले नाहीत, तपास चालू आहे असं सांगतात.

तुमच्या घरात कुणाचा अर्ज असेल, तर माय-आधार या आधारच्या सरकारी साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' आजच बघा. कुठली बँक जोडलेली आहे ते तिथे दिसतं. ओटीपी लागतो, म्हणून आधारला मोबाइल नंबर घरातलाच हवा. मामांच्या आधारला कुठलाच नंबर नव्हता, आधी आधार केंद्रात जाऊन तो घालावा लागला. बायोमेट्रिक लॉकही, म्हणजे अंगठ्याने आधार चालणं बंद करणं, माय-आधारच्या साइटवरच करता येतं. मामांचं आता केलंय, रेशनच्या दिवशी तेवढं उघडतो.

ऑक्टोबर 2025 पासून या योजनेत दिव्यांगांचा पगार 2500 झाला आणि नवीनच प्रकार सुरू झाला. "वाढीव हजार चालू करायचे असतील तर कार्ड अपडेट करा, ओटीपी सांगा," असे फोन मामीला येतात. मामी सांगते, "तहसीलच्या खिडकीवर या, तिथे सांगते." अजून तरी कोणी आलेलं नाही.